सहा बोटांची जोडी

सकाळी आठ वाजता वायरलेसवर कळलं की अफरवट शिखराकडे जाणाऱ्या रोपवेचा वरचा टप्पा आज उघडणार. जहूर तंत्रे त्या वेळी एका पोलिश पाहुण्याचा बूट स्कीवर बसवून पाहत होता. त्याने हात थांबवला, खिडकीबाहेर नजर टाकली आणि पुन्हा स्क्रू फिरवायला घेतला.

रात्रभर बर्फ पडलं होतं. दुकानाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पहाटे खाली वारा पडला होता, पण शिखराच्या धारेवरून बर्फाचा भुरका अजून उडत होता. वारा धारेपलीकडचं बर्फ उचलून अलीकडच्या नाल्यांत भरत होता. गुलमर्गमध्ये वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

पाहुणे दोघं होते, माचेक आणि त्याची बायको योआन्ना. जहूरने त्यांना काही विचारलं नव्हतं. दुकानात येताना ती दोघं बर्फातून कशी चालली, तेवढं त्याने पाहिलं आणि दोघांसाठी सहा बोटांच्या जोड्या काढल्या. स्कीची रुंदी तो पायाखाली बोटं लावूनच मोजायचा. चार बोटांची स्की घट्ट, दाबलेल्या बर्फावर चालते. सहा बोटांची खोल, भुसभुशीत बर्फावर तरंगते, आणि तिच्यावर उभ्या माणसाला वाटतं की सारा डोंगर आपलाच आहे.

या वाटण्यालाच जहूर भीत असे. ज्याने वर जाऊ नये असं त्याला वाटे, त्याला तो मुकाट्याने चार बोटांची जोडी द्यायचा. माणूस वर जायचा, गुडघ्यापर्यंत रुतायचा, दोन-तीनदा तोंडावर पडायचा आणि शिव्या घालत आपणहून खाली यायचा. शिव्या जहूरला चालत होत्या. या युक्तीबद्दल त्याने घरात कधी सांगितलं नव्हतं.

दार ढकलून शाइस्ता आत आली. बुटांचं बर्फ झटकत तिने पाहुण्यांना सलाम केला.

"अब्बा, माझी जोडी?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? सहा बोटांची. गाईडची परीक्षा पास झाले की देणार होतात ती."

जहूरने दातांत धरलेला स्क्रू काढून हातात घेतला. "काल गेली भाड्याने. हॉटेलचा माणूस आला होता."

"माझी जोडी भाड्याने दिलीत?"

"अजून दिली कुठे होती तुला?"

शाइस्ता मांडणीकडे वळली. मांडणीवरच्या रुंद जोड्या खरोखरच संपल्या होत्या. असल्या बर्फाच्या दिवशी त्या उजाडायच्या आत संपतात.

"मग काय घालू पायात?"

त्याने वरच्या खुंटीवरून एक जोडी उतरवली. तिने स्कीच्या मध्यावर हात ठेवला. चार बोटं.

"ही सुरी आहे, अब्बा. लोणी कापायला बरी. हिच्यावर उभं कोण राहणार?"

"वर गेलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? देवदारांत फिरव त्यांना. झाडांत बर्फ छान असेल आज."

"त्यांना वरचं हवंय."

"पाहुण्यांना काय, चंद्रही हवा असेल."

माचेकने इंग्रजीत विचारलं, वडील काय म्हणतायत? शाइस्ता हसली. "म्हणतायत, आज बर्फ छान आहे."

बूट जोडीत बसवायला तिने पाय पुढे केला. जहूर खाली बसून टाच जुळवू लागला. परीक्षेचा नवा बिल्ला तिने जाकिटाच्या छातीवर लावला होता. तो तिरका होता, पण त्याने हात लावला नाही.

"शोधयंत्र चालू केलंस?" बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव त्यावरूनच लागतो.

"घरीच केलं. अम्मीने दोनदा बघितलं."

"गूर-नाला ओलांडायची वेळ आली, तर..."

"तर मध्ये थांबायचं नाही. एकेकाने जायचं, वेगात. तुम्हीच शिकवलंय."

ती बाहेर पडली. रस्त्यावर बशीर गाईड आपल्या गिऱ्हाइकांसोबत उभा होता. त्याचा आवाज आतपर्यंत आला.

"काय मॅडम, आज बागेत खेळणार की वर?"

"वर. तुम्ही येताय, की गुडघे कुरकुरतायत?"

सगळे हसले. बशीर सर्वांत मोठ्याने हसला. "बघू की! मध्येच परत आलीस, तर नून चाय तुझ्याकडून."

जहूर दारापर्यंत गेला. शाइस्ता स्की खांद्यावर टाकून चालू लागली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण रस्त्यावर गाईड होते, आणि ही तिची पहिलीच गिऱ्हाइकं होती. त्याने दार लावून घेतलं. बुखारीत लाकडं घालायला तो कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेला. वरची दोन लाकडं उचलताच मागच्या घोंगडीचं टोक दिसलं. त्याने तिसरं लाकूड तिथेच राहू दिलं.

अकराच्या सुमारास वायरलेस बोलला. डोंगरावरून बर्फ सुटल्याचा आवाज खाली बाजारात कधीच येत नाही.

"गूर-नाला सुटलाय," गस्तीवरचा नसीर सांगत होता. "एक जण आत. दोघं पाहुणे काठावर आहेत, सुखरूप. आत गाईड आहे. आपली शाइस्ता."

मग मध्ये नुसती खरखर. मग पुन्हा नसीर, कुणाला तरी वर बोलावत होता. "पाहुणे सांगतायत, त्यांना काठावर थांबवून वाट पाडायला ती पुढे गेली. मध्यावर स्की बुडाली. वाकून काढत होती, तेवढ्यात वरून तुटलं."

जहूर उभा होता. हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने मेजावर ठेवला, मग उचलून खिशात घातला.

दार उघडून आबिद आला. शाइस्ताचा थोरला भाऊ. हॉटेलची जीप चालवायचं काम मध्येच सोडून आला होता. फेरनवर बर्फ, पायात मात्र स्कीचे बूट.

"अब्बा, रुंद जोडी द्या. शोधायला माणसं नेतायत वर. माझ्या स्कीवर कमरेपर्यंत जाईन मी, तिथवर पोचणारच नाही."

जहूरने मांडणीकडे पाहिलं. आबिदनेही पाहिलं.

"एकही नाही? कुठलीही चालेल. मोडकी असली तरी."

जहूर कोपऱ्यात गेला. त्याने लाकडं काढायला सुरुवात केली. एकेक करून नाही, दोन्ही हातांनी मागे ढकलून. ओंडके फरशीभर घरंगळले. घोंगडी ओढून त्याने जोडी बाहेर काढली. नवी कोरी, सहा बोटांची. तळाला मेण लावलेलं.

आबिदने ती खाली ठेवली आणि पाय घातला. बूट बसेना. त्याने पुन्हा जोर दिला.

"टाच फार पुढे आहे. कुणाच्या बुटाला लावलीय ही?"

जहूर गुडघ्यांवर बसला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. टाचेची पट्टी मागे सरकवायची, दोन्ही स्कींची. डोळे मिटून करता येईल असं काम. पण स्क्रूची खाच सापडत नव्हती. एवढ्या लहान बुटाचं माणूस घरात एकच होतं.

आबिदने पट्टीवरचं माप पाहिलं. वडिलांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने स्वतः पट्टी सरकवली, जोडी खांद्यावर टाकली आणि उघड्या दारातून पळत सुटला. दार लावायला कुणी उरलं नाही. बर्फ उंबऱ्याच्या आत येऊ लागलं.

बाजारातली माणसं जमली. बशीर आला आणि टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. कुणीतरी जहूरच्या खांद्यावर कांबळं टाकलं. शाइस्ताच्या आईला आणायला जीप गेली होती.

दुपारनंतर वर ढग उतरले. वायरलेसवर आवाज तुटक यायला लागला. शोधयंत्राची खूण मिळाली म्हणाले, मग हरवली म्हणाले. वरच्या धारेवर अजून बर्फ लोंबतंय, म्हणून माणसं दोन-दोन करूनच आत सोडतायत, असंही कळलं. आबिद पहिल्या जोडीत होता.

मग नसीरचा आवाज आला, अगदी जवळून बोलल्यासारखा.

"चाचा, एक स्की मिळालीय. नाल्याच्या तोंडाशी. आज नाल्यात सकाळी आणखीही लोक उतरलेत, म्हणून विचारतोय. आबिद म्हणाला, तुम्हालाच विचार. कुठली होती तिच्या पायात?"

जहूरने वायरलेस तोंडाशी धरला. बटण दाबलं.

"मध्यावर बोटं लावून बघ," तो म्हणाला. "किती?"

खरखर झाली. वारा ऐकू आला. बशीरने मान खाली घातली.

"चार," नसीर म्हणाला. "चार बोटं, चाचा. दुसरी अजून मिळाली नाही. खणतायत."