बसलेला आवाज

केतकीचा आवाज गेल्या जानेवारीत रॉक कॉन्सर्टला बसला, तो अजून तिथंच बसलेला होता. पुण्याबाहेरचं स्टेडियम, रांग चौदा, खुर्ची एकतीस.

आता आवाज बसणं म्हणजे काय मोठी गोष्ट? चार गाणी ओरडून म्हटली की कुणाचाही बसतो आणि दोन दिवसांत उठतो. केतकी सांगलीला घरी परतली तेव्हा सगळे हेच म्हणाले. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. पण जो आवाज घशात नव्हताच त्याला गुळण्या काय करणार? चोवीस वर्षांची पोर चिठ्ठ्या लिहून चहा मागायला लागली. श्रावणात तिला ताप भरला तो उतरलाच नाही, आणि ती एक शब्द न बोलता गेली. उशाखाली शेवटची चिठ्ठी निघाली. ‘बाबा, माझा आवाज तिथंच राहिलाय. पुढच्या वर्षी घेऊन या.’

म्हणून तिचे वडील दिगंबरराव तासगावकर यंदा त्याच बँडचं तिकीट काढून निघाले. वय चौसष्ट. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर सगळी हयात गेली, स्वतःसाठी तिकीट काढायची वेळ ही पहिलीच. खुर्ची बत्तीस मिळाली. निघताना त्यांच्या पत्नीनं, नंदाताईंनी, थर्मास धुऊन-पुसून हातात दिला.

“आणलात की आधी मला ‘आई’ म्हणून हाक मारायला लावा,” त्या म्हणाल्या. “बाकीचं सगळं मग.”

गेटवरच्या माणसानं थर्मास काढून घेतला.

“काका, बाटली आत चालत नाही.”

“रिकामा आहे हो. मुलीचा आवाज न्यायचाय त्यातून.”

“आवाज ज्यानं त्यानं घशातून न्यायचा,” तो म्हणाला, आणि एक बिल्ला दिगंबररावांना देऊन, त्याच्या जोडीचा थर्मासला अडकवून त्यानं तो फळीवर ठेवला.

आत चाळीस हजार खुर्च्या होत्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते त्या जातीच्या. एकतीस नंबरची बैठक मात्र खाली दबलेली होती आणि तिच्यावर कुणी दिसत नव्हतं. दिगंबरराव शेजारी टेकले.

“बाबा? तुम्ही इकडं कसे?” केतकीचा आवाज म्हणाला.

तोच आवाज. ‘कसे’वर जरा चढणारा. दिगंबररावांना हुंदका फुटला, तो त्यांनी खोकला म्हणून खपवला.

“तुला न्यायला आलोय.”

“इतक्यात? आत्ता कुठं रंगतंय की. आणि मी पोचले ना घरी? आई जेवायची थांबली असेल.”

वर्ष उलटलं हे त्या आवाजाला ठाऊक नव्हतं. केतकी राहिली नाही हेही नव्हतं. ते कोणत्या तोंडानं सांगायचं? “पोचलीस,” एवढंच दिगंबरराव म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणून त्यांना जास्तच लागलं.

ड्रम सुरू झाले. सगळं स्टेडियम उड्या मारायला लागलं आणि दिगंबरराव हिशेब जुळवत बसले. आवाज न्यायचा घशातून, आणि घसा तर भरलेला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मग एका घशात दोन आवाज कुठले राहायला? म्हणजे आधी आपला बसवायला हवा. पण ओरडायचं काय? या गाण्यांतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. संगीत नाटकांच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ओरडण्यासारखं एकच येतं.

शेवटचं गाणं संपलं. सूर्य टेकडीला टेकला होता. दिगंबरराव उभे राहिले.

“वन्स मोअर!”

आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. गायकानं ड्रमवाल्याकडे पाहिलं. वन्स मोअरला नाही म्हणणारा कलावंत दिगंबररावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि हाही तसा निघाला नाही. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. सूर्य हातभर वर सरकला.

दर वन्स मोअरला गॅलरीचा एक मजला रिकामा होत गेला. ज्यांचे आवाज बसले ती माणसं मुकाट्यानं उठून घरी जात होती आणि त्यांच्या बैठका खालीच राहत होत्या. स्टेज पुढं सरकत होतं. पाचव्या वेळी दिगंबररावांचा घसा खरखरला. सातव्या वेळी चौदावी रांग तेवढी उरली आणि ड्रम त्यांच्या गुडघ्यांना लागला. नवव्या वेळी आवाज घशातून सुटला आणि त्यांच्या मागं बत्तीस नंबरच्या खुर्चीवर बसला. बैठक खाली गेलेली त्यांनी ऐकली.

घसा धुतलेल्या थर्माससारखा स्वच्छ झाला होता. त्यांना फार आनंद झाला. आता लेकीला एक हाक मारायची, केतकी, ऊठ, ये आत, की झालं.

त्यांनी तोंड उघडलं. आणि हाक कशानं मारायची, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला. त्यांनी हात पसरले, तोंड तसंच उघडं ठेवून एकतीस नंबरपुढं गुडघे टेकले. आवाजांना डोळे नसतात.

“बाबा, उभे का? बसा की,” केतकीचा आवाज म्हणाला.

“बसलोय गं,” बत्तीस नंबरवरून त्यांचा स्वतःचा आवाज म्हणाला. अगदी खुशीत.

“ज्यांचा बसला त्यांनी बाहेर,” असं म्हणत कुणीतरी दिगंबररावांना दंडाला धरून गेटपर्यंत आणलं. बिल्ला बघून थर्मास परत दिला. खिशात फोन वाजत होता.

“आणला का?” नंदाताई विचारत होत्या. “अहो, बोला की. आणला का तिचा?”

दिगंबररावांनी फोन स्टेडियमच्या दिशेनं धरला. आत गाणं नुकतंच संपलं होतं.

“वन्स मोअर!” दोन आवाज एकदम ओरडले. एक बापाचा, एक लेकीचा.



“परत एकदा ऐकवा,” नंदाताई म्हणाल्या. मग आणखी एकदा तेच म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला.