अकरा मीटरवरचा कब्जेदार

अकरा मीटर

माझा भाऊ ज्या विमानात आहे ते गेले चौदा महिने पडतं आहे. सध्या ते मिरेनाबाईंच्या कोबीच्या शेतावर, जमिनीपासून अकरा मीटरवर थांबलं आहे.

हवाई दलाचं मालवाहू विमान. परक्या देशात संयुक्त सरावासाठी आलं होतं. ते पडलं हे दोन्ही सरकारांना मान्य आहे. कोणत्या देशाच्या कायद्यात पडलं हे ठरलेलं नाही, म्हणून ते पुरतं पडलेलं नाही. करारातलं एक कलम मंजूर झालं की ते एक मीटर खाली येतं. मी इथे आले तेव्हा ते दोनशे चाळीस मीटरवर होतं आणि हेरंब दिसतसुद्धा नव्हता. आता दिसतो. मागून दुसरी खिडकी. हातात चहाचा कप. कप तिरका आहे, चहा सांडलेला नाही.

एकूण सहा खिडक्या. शेवटच्या कलमाखाली सहा जणांच्या घरच्यांनी सही करायची आहे की आमचा माणूस गेला. पाच घरांनी केली. सही झाली की ती खिडकी पांढरी होते, कोऱ्या कागदासारखी, आणि तिच्यामागे कोणी नसतं.

आई दर शनिवारी गावाहून फोन करते.

"हे बघ सुमे, मला कलमं सांगू नकोस. यंदा त्याचा वाढदिवस नेमका सर्वपित्रीला आलाय. पान वाढायचं की ओवाळायचं, एवढं सांग."

"कळवते."

"मागच्या वर्षीही कळवते म्हणालीस. मी काहीच केलं नाही. ना पक्षात पान, ना वाढदिवसाला औक्षण. दिवसभर नुसती बसून राहिले. पुन्हा तसं बसवणार नाही माझ्याच्यानं."

सर्वपित्री सोळा दिवसांवर आहे.

दहा

वाटाघाटींचं टेबल सुरुवातीला इतकं लांब होतं की पलीकडच्या शिष्टमंडळाकडे आमच्या आधी सकाळ व्हायची. आम्ही बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर आमचं मत बदललेलं असे. कलमं मंजूर होत गेली तसं टेबल आखूड झालं. आता समोरच्या वकीलबाईंच्या चष्म्यात मला माझा चेहरा दिसतो.

माझ्या शेजारी दूतावासातले टिल्लू बसतात. द्वितीय सचिव आहेत. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवतात आणि तणाव वाढला की तोडून अर्धी मला देतात.

"सुमेधाताई, एक लक्षात ठेवा. इथे मृत म्हणायचं नाही, जिवंतही म्हणायचं नाही. विमानस्थ म्हणायचं."

"विमानस्थ."

"छान. चिक्की घ्या."

पुढचं कलम होतं विमान नक्की कुठे पडणार याचं. त्यासाठी सावली मोजायला हवी होती. विमान थांबल्यापासून त्याची सावली सूर्याबरोबर फिरत नाही. सकाळी, दुपारी, ढग आले तरी ती तिथेच असते. त्यांच्या मोजणीदारावर आपला विश्वास नव्हता, आपल्या मोजणीदारावर त्यांचा नव्हता. तीन दिवस टेबल जरा लांबलं. मग टिल्लूंनी नातेवाईक म्हणून केलेला माझा अर्ज पुन्हा वाचला.

"ताई, तुम्ही भूमी अभिलेखात आहात?"

"भूकरमापक. तालुक्याला. एकोणीस वर्षं."

"मग आधी बोलला नाहीत!"

"कोणी विचारलं नाही."

मी पर्समधून टेप काढली. ती माझ्याकडे नेहमी असते. लग्नाला जाते तेव्हाही असते.

नऊ

मिरेनाबाई बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. त्या त्यांच्या भाषेत बोलतात आणि मी माझ्या. आम्हाला एकमेकींचं कळतं. पहिल्या दिवशी याचं नवल वाटलं होतं. नंतर कामात राहून गेलं.

"तुझ्या भावानं माझा कोबी खाल्ला," त्या म्हणाल्या. "चौदा महिने ऊन नाही. हे बघ, गड्डे कसे धरलेत. लिंबाएवढे."

"तो मुद्दाम नाही करत, बाई."

"मुद्दाम कोण करतं? माझा नवरासुद्धा मुद्दाम मेला नव्हता. पण मेला तेव्हा सरळ खाली पडला. दुसऱ्याच्या शेतावर लोंबकळत नाही राहिला." मग त्यांनी वर पाहिलं आणि हात हलवला. "रोज हलवते. शेजारधर्म आहे. तू धर ते टोक, की मी धरू?"

त्यांनी टोक धरलं. शेपटीपासून नाकापर्यंत एकोणतीस मीटर ऐंशी. पंखांना चाळीस. सावलीच्या कोपऱ्यांवर मी चुन्याच्या खुणा केल्या. सावलीच्या आत पाय टाकला की कान बंद व्हायचे, उंचावर जाताना होतात तसे.

तिथेच मांडीवर फळी घेऊन तक्ता भरला. नमुना आमच्याच कार्यालयाचा. कोरे कागद टेपसोबत पर्समध्ये असतात.

क्षेत्र : चार गुंठे, अकरा चौरस मीटर.
पूर्वेस : मिरेना, कोबी.
दक्षिणेस : कालवा.
पश्चिमेस : पुन्हा मिरेना.
उत्तरेस : रस्ता.
वर : विमान.
कब्जेदार : हेरंब यशवंत फणसे.
कब्जेदार मोजणीच्या वेळी समक्ष हजर होते / नव्हते.

यातलं "नव्हते" खोडलेलं होतं. मी तेव्हा खोडलं नाही. ते आधीच खोडलेलं होतं. कब्जेदार हजर नसला तर मोजणी पुढे ढकलावी लागते, नोटिसा पुन्हा काढाव्या लागतात, सगळं गाव पुन्हा गोळा करावं लागतं. म्हणून आम्ही मोजणीला निघतानाच कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर तेवढा एक शब्द खोडून ठेवतो. सगळेच ठेवतात. मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

मी खाली सही केली, मिरेनाबाईंनी अंगठ्याएवढी सही केली, आणि विमान हळूच आणखी एक मीटर खाली आलं.

सहा मीटरवरचं कलम, चर्चेत

कपातला चहा विमानतळावर इथे भरला गेला, सबब तो या देशाचा. कप आपला. कप तिरका असल्यामुळे जो चहा कपाच्या कडेबाहेर आहे पण सांडलेला नाही, तो कोणाचा? दोन्ही बाजूंनी तीन तीन तज्ज्ञ. पाच दिवस. ठरलं : संयुक्त. विमान खाली.

पाच मीटर

टेबलाखाली आता सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. वकीलबाईंनी माझा तक्ता उलटा केला, सुलटा केला, आणि त्या शब्दावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

त्या म्हणाल्या, नातेवाईक सही करतो ती गैरहजर माणसासाठी. हा माणूस हजर आहे. दोन्ही सरकारांनी तो हजर असल्याच्या कागदावर शिक्के मारलेले आहेत. हजर माणसासाठी दुसरं कोणी सही करू शकत नाही. आपण गेलो आहोत याची सही त्याला स्वतः करावी लागेल.

टिल्लूंनी चिक्की काढली. तोडली नाही.

"काय केलंत हे, ताई?"

"सवय."

"परिशिष्ट आठ म्हणून जोडलंय ते!"

"दुसरा कागद देते. कोरा आहे."

"त्यावरही खोडलेलं असेल."

मी पर्स उघडून पाहिलं. खोडलेलं होतं. सगळ्यांवर.

"आणि परिशिष्ट बदलायचं तर करार पहिल्यापासून," टिल्लू म्हणाले. "विमान पुन्हा दोनशे चाळीसवर जाईल. चौदा महिने. जास्तच. टेबलही नव्यानं लांब करायला लागेल." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणालात तर मी तशी हरकत नोंदवतो. नातेवाइकांचा अधिकार आहे तो. बोला."

दोनशे चाळीसवर तो ठिपकासुद्धा नव्हता. ठिपका होता असं मी आईला सांगत असे.

मी काही बोलले नाही. न बोलणं संमती धरण्यात आलं. कलम मंजूर झालं.

चार

चार मीटरवर त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"तायडे! जाड झालीस."

"इथला पाव खाऊन."

"तू इथे कशी?"

"सरकारनं बोलावलं. मोजणीला."

"तुला? परदेशात?" तो हसला. चौदा महिन्यांपूर्वी केलेली दाढी तशीच गुळगुळीत होती. "लँडिंगला किती वेळ आहे गं? हा कप धरून हात अवघडलाय."

"थोडाच."

"बाकीचे गप्प का झालेत? मगाशी गाणी म्हणत होते."

मी पाच पांढऱ्या खिडक्यांकडे पाहिलं. मिरेनाबाई खुरपं हातात घेऊन खाली बघत राहिल्या.

"झोपले असतील."

"आई काय म्हणते?"

"पक्षाचं विचारत होती. पान वाढायचं का."

"कोणाचं?"

वारा नव्हता. तरी त्याच्या कपातल्या चहावर एक बारीक सुरकुती आली आणि गेली.

"बाबांचं," मी म्हणाले.

"मग त्यात विचारायचं काय? बाबांचं दरवर्षी वाढतेच की."

एक

सर्वपित्री. दुपारचे बारा.

टेबल आता पाटाएवढं राहिलं आहे. टिल्लूंनी ते काखेत मारून शेतात आणलं. दोन्ही शिष्टमंडळं बांधावर ओळीनं उभी राहिली, कोणाचा पाय सावलीत पडणार नाही अशा बेतानं. वकीलबाई, टिल्लू, शिक्के घेऊन आलेली माणसं. मिरेनाबाईंनी सावलीच्या कडेचा एक गड्डा कापून पदराखाली धरावा तसा कोटाखाली धरला.

"हा तरी वाचला," त्या मला म्हणाल्या. "जा तू. त्याचा हात अवघडलाय."

चाकांचं रबर कोबीच्या पानांना टेकलं होतं. पानं दबली होती, मोडली नव्हती. खिडकी माझ्या डोक्याच्या थोडी वर होती, म्हणून टिल्लूंनी टेबल खाली ठेवलं आणि मी त्यावर चढले, दोन्ही पाय जुळवून. सावली आता टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. मी मोजलेले चार गुंठे माझ्या पावलांभोवती गोळा झाले होते. कान बंद झाले. फक्त खिशातला फोन ऐकू येत होता, तो चालू ठेवलेला होता.

"सुमे," आई फोनमधून म्हणाली, "दोन्ही तयार ठेवलंय. पान वाढून झालंय, खीर, वडे, सगळं. आणि ताम्हनात निरांजन लावलंय. तू सांगशील ते उचलते. भात निवायला लागलाय गं."

"एक मिनिट, आई."

"निरांजनात तूपही थोडंच आहे."

हेरंबने खिडकी आतून बाजूला सरकवली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या अंगाचा वास आला, डिझेलचा आणि त्याच्या त्या स्वस्त पावडरीचा.

"आईचा आवाज आला का गं?"

"फोनवर आहे."

"तिला म्हणावं पोचलो. आणि हे काय?"

"कागद आहे. सही हवी तुझी."

"कशाची?"

"हजर असल्याची," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात तेच होतं.

"तुमच्या खात्याचं हे एक. माणूस दिसतोय समोर तरी सही." त्याने कप माझ्या हातात दिला. चहा गरम होता, वाफ निघत होती, आणि कप सरळ होताच त्यातला तो संयुक्त चहा माझ्या मनगटावर सांडला. बांधावर कोणीतरी घड्याळात पाहून वेळ लिहून घेतली.

मी एका हातात कप धरला. दुसऱ्या हातानं कागद विमानाच्या पत्र्यावर दाबून धरला. पत्रा उन्हात असूनही थंड होता. सहीची जागा कागदाच्या तळाशी होती आणि तिच्यावर माझा अंगठा होता. तो मी मुद्दाम ठेवला नव्हता. कागद धरताना अंगठा कुठेतरी ठेवावाच लागतो.

"सुमे?" आई म्हणाली. "काय उचलू?"

हेरंबने माझ्या पर्समधलं पेन ओळखून उचललं, टोपण दातांत धरून काढलं आणि खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर वाकला.

"अंगठा काढ ना, तायडे."

"हो."

"लवकर. हे लोक ताटकळलेत उन्हात."

"हो."

तो थांबला. मग लहानपणी माझ्या वह्यांवर करायचा तसंच त्याने केलं, वाट न बघता जिथे जागा दिसली तिथूनच सुरुवात केली. निब थंड होती. पहिलं अक्षर माझ्या नखावर मावलं.