गुलाबाच्या साबणाची आंघोळ

मी एक जुनी, राखाडी घोंगडी आहे. मित्रांनो, माझ्या जन्माविषयी मला फारसे नीट सांगता येणार नाही. कुणाच्या तरी हातमागावर मी विणली गेले, आणि माझी लोकर टोचायची, एवढे आठवते. म्हणूनच बहुधा पलंगावर मला कोणी ठेवून घेतले नाही. मी व्हॅनिलाच्या शेडमध्ये आले.

तिथे शेडच्या मालकिणीने, ताईने, मला काम दिले. व्हॅनिलाच्या शेंगा वेलीवरून काढतात तेव्हा हिरव्या असतात, आणि त्यांना तो वास मुळीच नसतो. मलाही आधी हे खरे वाटले नव्हते. ताई त्या तीन मिनिटे कढत पाण्यात बुडवी, निथळवी आणि वाफ निघत असतानाच सुती चादरीत गुंडाळून माझ्या पोटात देई. मग आम्ही सगळे लाकडी पेटीत. दोन दिवस ऊब टिकली की शेंगांना घाम फुटतो, त्या तपकिरी होतात, वास जागा होतो. ऊब गेली की सगळे मुसळ केरात. पुढे उन्हात आणि सावलीत कित्येक आठवडे वाळवणे असतेच, पण सुरुवात माझ्याकडे.

एकवीस हंगाम मी हे केले. डाग पडले, एक कड उसवली. ताई म्हणे, “ही घोंगडी म्हणजे माझा अर्धा कारखाना.” बाकीचे नाक मुरडत.

यंदा ताई पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. काम तिच्या धाकट्या बहिणीकडे आले. धाकटी मनाने चांगली, पण हाताला घाई. “सगळं स्वच्छ करून ठेव गं,” ताईने सांगितले. धाकटीने टोपल्या घासल्या, पेटी पुसली आणि मलाही गुलाबाच्या साबणाने धुतले. खरे सांगते, मला फार छान वाटले. इतक्या वर्षांत माझे असे लाड कुणी केले नव्हते. तीन दिवस मी उन्हात मिरवत होते.

पहिली खेप पाण्यातून निघाली. ताईने मला जवळ ओढले आणि तिचा चेहराच उतरला.

“ही धुतलीस?”

“अगं, किती कळकट झाली होती!”

“साबणाने? अगं बाई, शेंगा वास पितात! आता काय गुलाबाचं अत्तर काढायचंय?”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. टोपलीवरची वाफ विरळ होत चालली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा मळकी व्हावेसे वाटले.

धाकटी धावत जाऊन ट्रंकेतले स्वेटर घेऊन आली. ताईने एकेक हुंगला. “डांबरगोळ्या. डांबरगोळ्या. हाही तसलाच.”

तेवढ्यात ताईचे यजमान चहाचा कप घेऊन दारात आले. थंडीचे दिवस, अंगात जाड लोकरी कोट. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले.

“अहो, कोट काढा.”

“का? मी काय केलं?”

“काढा ना भाऊजी, शेंगा गार होतायत!”

“आणि मी गार झालो म्हणजे?”

पण त्यांनी काढला. ताईने तो हुंगून मान डोलावली. धाकटीने अंगातला स्वेटरही उतरवला. शेंगा चादरीत, चादर कोटात, वरून स्वेटर, आणि झाकण बंद. मी दोरीवर लटकत राहिले.

दोन दिवस धाकटी जेवता जेवता उठून पेटीत हात घालून येई. “कोमट आहे अजून,” असे स्वतःशीच म्हणे.

तिसऱ्या सकाळी ताईने डाव्या हाताने एक शेंग उचलून नाकाशी धरली. मग तीच शेंग तिने धाकटीच्या नाकाशी नेली. तपकिरी, घामेजलेली, आणि वास अगदी माझ्या ओळखीचा. धाकटी मटकन खाली बसली आणि हसतच सुटली. दोरीवर मीही सैल झाले.

“माझा कोट?” यजमानांनी विचारले.

“त्याला नोकरी लागली,” ताई म्हणाली.

साध्या पाण्यात चार वेळा खळबळून, नऊ दिवस उन्हात पडून माझा गुलाब एकदाचा गेला. आता मी पुन्हा पेटीत असते, शेजारी कोट.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण आधी, त्या रोज वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारा. माझी उसवलेली कड परवाच शिवून झाली. धाकटीने शिवली. सुईत दोरा ओवण्यापूर्वी ती ताईकडे जाऊन आली होती.