मागच्या फळीवरची बाटली

“घे गं. आढेवेढे नकोत,” म्हणत कीनूने धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पिशवी इस्पितळातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारातूनच माझ्या हातात कोंबली. शाळेपासूनची मैत्रीण ती.

“डॉक्टर म्हणतात, ते नवं औषध मला लागू नाही. माझ्या पोटातल्या गाठीत हर-टू की काय ते नाहीच म्हणे. माझं नेहमीचंच, मला हवं ते दुकानातही नेमकं संपलेलं असतं.” ती हसली. “पण तोकीको, तू सुट्टीतही माझ्यासाठी खपलीस.”

मी खपले नव्हते. अठ्ठावीस डिसेंबरला, वर्षअखेरच्या साफसफाईत, तिच्या गाठीच्या तुकड्याची बाटली मीच मागच्या फळीवर सरकवली आणि विसरले. ती सापडली चार जानेवारीला. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे टिकवण्याच्या द्रावणात, तुकडा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, तर हर-टू दाखवणारा रंग नीट चढेल याची खात्री नसते. हे नव्या मुलींना मीच शिकवायची. तीस वर्षांत एक चूक नाही, असा माझा लौकिक. तपासणीच्या अर्जावर, तुकडा द्रावणात किती वेळ होता त्या रकान्यात, मी लिहिलं, ‘एक दिवस’. तुकड्यावर रंग चढला नाही आणि निकाल गेला, ‘हर-टू नाही’.

पिशवी हातात घेऊनच मी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हाताकेयामांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

“तीन आठवडे गप्प राहिलात?” ते म्हणाले. “पुन्हा नळी घालून तुकडा काढावा लागेल. त्याचं खरं कारण पेशंटला कोण सांगणार?”

“मी सांगते.”

दुसऱ्या तुकड्यावर गडद तपकिरी रंग चढला. औषध सुरू झालं.

“माझ्या पोटानं तुला दोनदा कामाला लावलं बघ,” कीनू म्हणाली.

आत्ता सांगावं, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “चालायचंच.”

त्यानंतर तिने दोन हिवाळे लोणच्यासाठी मुळे धुराला टांगले. तिसऱ्या हिवाळ्यात मी तिच्या घरी, तिच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला गेले. तिचा नवरा गेन्झो गुडघे टेकून समोर बसला.

“मला ती सारखी सांगायची,” तो म्हणाला, “तोकीकोनं दोनदा तपासलं, म्हणून एवढं तरी जगले. दुसरी कुणी असती तर पहिल्यावरच सोडून देती.”

आणि चटईला कपाळ टेकवून त्याने मला नमस्कार केला.

मीही वाकले. त्याच्याआधी उठायचं नाही, एवढंच मला सुचलं. दोघांचीही कपाळं चटईला तशीच टेकलेली होती.