पळालेली चरबी आणि पडद्याची कडी

“पळाली, पळाली! चरबी पळाली!” टेकडीवरचं सगळं अंगण ओरडलं. अंगठीबाबांनी पितळी अंगठी ताटलीतल्या पाण्याला टेकवली की वरचं तेल काठाकडे धूम ठोके.

“तुमच्या रक्तातली अश्शीच पळेल!” बाबा गरजले.

पहिल्या रांगेत शिंपीकाका मान डोलवत होते. बाबांकडून अंगठी घेतल्यापासून त्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल खरंच वाढलं होतं, खुद्द डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी त्यांनाच पुढे बोलावलं. “आता ही मोठी अंगठी घ्या. मग रोज टेकडी चढायला नको, आणि विडीही खुशाल ओढा!”

शेजारी बसलेल्या शिंपीकाकू भडकल्या. डॉक्टरांनी काकांच्या हृदयाबद्दल बजावलं होतं. माणूस कसाबसा वळणावर आला होता, आणि हा बाबा त्याला पुन्हा खुर्चीत बसवून हातात विडी देणार! काकू तरातरा उठल्या, मोरीवरच्या भांड्यांच्या साबणात बोट घासलं आणि तेल-पाण्याच्या दुसऱ्या ताटलीत बुडवलं.

तेल पळालं.

“अगंबाई, काकूंना सिद्धी!” कुणीतरी हात जोडले.

“सिद्धी कसली डोंबलाची! साबण आहे हा. बाबांची अंगठी हुंगून बघा.”

बाबांनी मूठ मिटली, पण पुढच्याने हुंगलंच. “लिंबाचा वास! आमच्या घरचाच साबण की!”

काका रडकुंडीला आले. “अगं, पण माझं वाढलं ते? अंगठी बोटात होती ना!”

“अहो, तुमची अंगठी पहिल्या दिवसापासून बटणांच्या डब्यात आहे. तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी बदलली. मला बघायचंच होतं. बोटात आहे ती ट्रायल रूमच्या पडद्याची कडी!”

“तरीच तो पडदा लोंबतोय!” काका म्हणाले, आणि अंगण खो-खो हसलं.

“मग वाढवलं कुणी?”

“तुमच्या पायांनी! गाडीने आलात तर अंगठी रुसेल म्हणून रोज ही टेकडी चढलात. धुराने काळी पडेल म्हणून विडी सोडलीत. तळणीला तर मीच हात लावू दिला नाही. कष्ट तुमचे आणि पाद्यपूजा यांची!” काकू गर्दीकडे वळल्या. “बाबांनो, हात जोडायच्या आधी जरा डोकं चालवा. आणि त्याच्याबरोबर पायही.”

काकांनी कडी काढून खिशात टाकली. चपला घालताना हळूच विचारलं, “मग उद्यापासून इथे यायचं नाही?”

“यायचं तर! बाबा जाईल पळून, टेकडी कुठे जाते?”