थॉर्नहोपचा उतार

दोन बस बदलून आम्ही थॉर्नहोपला पोचलो तेव्हा मैदानावर गोलखांब होते आणि पाणी होतं. बाकी काही नव्हतं. खालच्या गोलपाशी दोन बदकं पोहत होती.

अर्नीला हे दिसलं नाही. अर्नीला आता समोरचं काहीच धड दिसत नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, मधे धुकं. हिवाळ्यापर्यंत तेवढंही जाईल, असं डॉक्टर म्हणाला. तो माझं कोपर धरून उभा होता.

"काय रे डेरेक, गप्प का?"

"दमलोय."

"तू जन्मल्यापासून दमलेला आहेस. मैदान कसंय?"

"आधी चहा पी," मी म्हणालो आणि त्याला डोरीनच्या खोपटात बसवलं. डोरीन इथे चहा आणि खिमा भरलेले गरम पॅटिस विकते. सगळ्या जगाला ती राजा म्हणते. "ये राजा, बस," म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने मान हलवली. मला कळायचं ते कळलं.

आमच्या छंदाला लोक हसतात. हसू देत. दर शनिवारी कुठल्यातरी पडक्या खाणगावात जायचं, कुणाला माहीत नसलेल्या दोन संघांचा सामना बघायचा. त्या मैदानावर, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. तसा पाहिला की मैदान जमा. अर्धा पाहिला तर नाही. शेजारच्या मैदानावर पाहिला तर नाहीच नाही. मोठे क्लब आम्ही बघत नाही. ते शेठ लोकांचे आहेत, त्यांनाच लखलाभ होवोत.

आमच्या लीगमधलं अर्नीचं एकच मैदान राहिलं होतं. हे. मागे दोनदा आला आणि दोन्ही वेळा धुक्याने सामना रद्द झाला. आज थॉर्नहोपचा इथला शेवटचा सामना होता. सोमवारी घरं बांधणाऱ्यांची यंत्रं येणार होती.

या मैदानाला उतार आहे. वरच्या गोलपासून खालच्या गोलपर्यंत एक माणूस उभा मावेल एवढा. जुन्या खाणवाल्यांनी रविवारी फावडी घेऊन ते सपाट करून पाहिलं, टेकडीने ऐकलं नाही. विकणाऱ्यांनी मात्र एका सहीत सपाट केलं.

क्लबचा सेक्रेटरी ग्लिन फाटकाशी छत्री घेऊन उभा होता. कोटावर क्लबचं चिन्ह. मैदान विकताना यानेच पहिला हात वर केला होता, म्हणे.

"सामना शाळेच्या प्लास्टिक-गवताच्या मैदानावर हलवलाय," तो म्हणाला. "कुंपणापलीकडे. चालत दोन मिनिटं."

"अर्नी कशासाठी आलाय ते माहितेय ना तुला?"

"अरे, त्याला कुठे दिसतंय? कुणाला कळणार आहे? बसव तिकडे आणि थॉर्नहोप म्हणून सांग. खूश होईल म्हातारा."

मी त्याला अशी शिवी दिली की डोरीनने खोपटातून डोकं बाहेर काढलं. आंधळ्याला फसवायला निघालास, लाज विकलीस का मैदानाबरोबर, असंही म्हणालो. ग्लिनने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

मग मी खोपटाकडे वळलो. दहा पावलं चाललो असेन. गुडघे ठणकत होते. पाठ ओली होती. आता अर्नीला सांगायचं, त्याचा चेहरा बघायचा, तसाच त्याला घेऊन परत दोन बस बदलायच्या. आणि पुन्हा कधी यायचं? कुठे यायचं?

"होतोय ना रे सामना?" अर्नीने विचारलं.

"होतोय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं.

"गवत कसंय?"

"हिरवंगार."

हेही खोटं नव्हतं. डोरीन ओट्यावरचे तेच कप पुन्हा पुसायला लागली. "मी खोटं बोलणार नाही हं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "पण मी बोलतेच कुठे."

तिच्याकडून घडीची खुर्ची घेतली, अर्नीला कुंपणापलीकडे शाळेच्या मैदानावर नेलं आणि रेघेच्या अलीकडे, हाताला कुंपणाची जाळी लागणार नाही असं बसवलं. थॉर्नहोपच्या जुन्या मैदानाला लोखंडी कठडा आहे. त्याने हात लांब केला.

"कठडा कुठाय?"

"काढलाय. विकायचंय ना."

"भडवे," अर्नी म्हणाला. इथून खोटं सुरू झालं.

एकदा सुरू केल्यावर मी थांबलो नाही. एरवी मी सामन्यात तोंड उघडतो ते शिवी द्यायला. आज मात्र सगळं सांगत गेलो. सात नंबर चिखलातून कसा निघाला. गोलकीपरच्या पायाशी कसं डबकं आहे. वाऱ्याने कॉर्नरचा झेंडा कसा आडवा झालाय. अर्नी मान डोलवत होता.

"उताराकडे कोण खेळतंय?"

"थॉर्नहोप."

"मग आत्ताच घालून घ्या म्हणावं गोल. नंतर चढ लागेल."

थॉर्नहोपने घातलाही. मी ओरडलो. अर्नीने काठी आपटली. क्षणभर मला वाटलं, काय बिघडलं? म्हातारा हसतोय.

मध्यंतरात डोरीनने पॅटिस आणून दिले आणि ती परत खोपटाकडे गेली. दुसरा हाफ सुरू झाला. मला डुलक्या येत होत्या, तरी बोलत होतो.

"आता कसं चाललंय?" अर्नीने विचारलं.

"जोरात. थॉर्नहोप उताराने नुसते घरंगळत येतायत."

शेवटच्या शिट्टीपर्यंत अर्नीने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. शिट्टी झाली, लोक पांगले, मी खुर्ची मिटली.

"जमा," मी म्हणालो. "झाली बाबा तुझी लीग पुरी."

"डेरेक, मध्यंतरानंतर बाजू बदलतात."

मी खुर्ची हातात घेऊन उभा राहिलो.

"दोन्ही हाफमध्ये थॉर्नहोपच उतरतंय? गाढवा, एवढी वर्षं काय बघितलंस फुटबॉल?"

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या पावलाला. हे गवत चटईसारखं करकरतंय. चेंडू टणटणतोय. आणि नव्वद मिनिटांत एकाही पोराने चिखलाला आई-बहीण काढली नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दमला होतास. म्हटलं, करू दे त्याला. आणि मलाही खरं ऐकायचं नव्हतं. पहिल्या हाफभर तरी. आता खऱ्या मैदानावर ने मला."

नेलं. त्याने कठड्यावर हात ठेवला. "काढलाय म्हणे," तो म्हणाला आणि कठड्याच्या कडेने खाली चालत गेला, बूट पाण्यात जाईपर्यंत. तिथे थांबून त्याने पाय फाकवले, चढाकडे तोंड केलं.

"आहे खरा उतार," तो म्हणाला. "पोटऱ्यांना कळतोय. सांग आता काय दिसतंय ते. खरं."

"पाणी. दोन बदकं. गोलची जाळी काढून नेलीय. वरच्या बाजूला बिल्डरची पाटी, तिच्यावर दात काढून हसणारं एक कुटुंब."

"उतारावर घर बांधणार का ते?"

"भराव टाकतील."

अर्नी पाण्यात थुंकला.

"जमा धर ना," मी म्हणालो. "मैदानावर उभा आहेस. सामनाही पुरा ऐकलास. कुणाला कळणार आहे?"

बोललो आणि मला ग्लिनचा आवाज ऐकू आला. त्याच शब्दांत.

"नाही जमा," अर्नी म्हणाला. "हे हुकलं. एक हुकलं, असंच सांगायचं. विचारलं कुणी तर."

बसथांब्यावर तो बाकावर बसला. ओला बूट काढून त्याने उलटा झटकला. प्लास्टिकच्या मैदानातले रबराचे काळे दाणे माझ्या पायावर पडले.

"घे," तो म्हणाला. "हे तुझं मैदान. तू धर जमा."

मी दाणे झटकले नाहीत. वाकायचं त्राण नव्हतं.