मोडलेल्या हाताची साक्ष

अख्ख्या सांडोर गावाला त्या दिवशी मोतीबिंदू झाला होता म्हणायचा! भरदुपारी, नाक्यावर, डंपरनं नथूला चिरडलं आणि पाहिलं म्हणे कुणीच नाही.

नथूचा मुलगा दीपेश तेव्हा तुरुंगात होता. सुटून आल्यावर तो दारोदार एकच विचारत फिरला, "डंपरचा नंबर काय होता?" लोक त्याला पाहताच आतून कडी घालत. चौथ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. कोयता घेऊन तो फ्लॉईडच्या केळीच्या वाडीत शिरला.

फ्लॉईड डाव्या हातानं घड उतरवत होता. उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली होती. दीपेशच्या मित्राविरुद्ध त्यानं कोर्टात साक्ष दिली, म्हणून दीपेशनंच सळईनं तो हात मोडला होता. तुरुंगवास त्या गुन्ह्याचाच.

"अंकल, तुमचं दुकान नाक्यावरच. तुम्ही पाहिलंत! बोला, नाहीतर..."

"नाहीतर काय रे?" फ्लॉईडची बायको ग्लोरिया तरातरा बाहेर आली. "दुसरा हात मोडशील? हो, पाहिलं आम्ही. तुझ्या बापाच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. नंबर यांना अजून पाठ आहे."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?" दीपेश किंचाळला. "माझा बाप होता तो!"

"हे एकदा खरं बोलले, तर तू हात मोडलास. डंपरवाल्याकडेही तुझ्यासारखीच पोरं आहेत. तोंड उघडलं की काय होतं, ते तूच गावाला शिकवलंस. गाव शिकलं!"

दीपेशच्या हातातला कोयता गळून पडला. बापाचा खुनी शोधायला निघालेला तो. नाक्यावरच्या सगळ्यांची तोंडं आपणच शिवली होती, हे त्याला आज कळलं. तो बांधावर बसून ढसाढसा रडला.

"चुकलो, अंकल. पोलीस ठाण्यात चला. तुम्हाला कुणी हात लावलाच, तर..."

"तर पुन्हा सळई?" फ्लॉईडनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाही. तर मी साक्ष देईन."

फ्लॉईड घड खाली ठेवून वळला. मग शर्ट बदलायला आत गेला.

मंडळी, आपल्याही गल्लीत कुणीतरी साक्षीदाराला दम देतं आणि आपण "आपल्याला काय करायचंय" म्हणत खिडकी लावून घेतो. उद्या आपलं माणूस रस्त्यावर पडेल, तेव्हा कुणाच्या खिडकीकडे बघणार आहोत आपण? खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी आजच उभे राहा!